पोचलेला, पण न मिळालेला फॅक्स

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवरून फोन आला. "सर, टीपीएवाले म्हणतायत, काल दुपारीच अप्रूव्हल फॅक्स केलंय. त्यांच्याकडे ओके रिपोर्ट आहे. आम्हाला मेल काही आलेला नाही. पेशंटचा मुलगा समोरच उभा आहे." कॅशलेस विम्याची मंजुरी तेव्हा टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, फॅक्सनं येत असे आणि ती हातात पडेपर्यंत ऑपरेशनची वेळ ठरत नसे. पाठवणारा म्हणतो गेलं, घेणारा म्हणतो आलं नाही. फॅक्सच्या बाबतीत दोघंही खरं बोलत असू शकतात, आणि त्या दिवशी दोघंही खरंच बोलत होते.

मशीन असलं तरी रुग्णालयात फॅक्सचा कागद कुठंच निघत नसे. तळमजल्यावरच्या खोलीत एक जुना संगणक होता. त्यावर डेबियन लिनक्स, सीरियल पोर्टला जोडलेला एक मोडेम आणि हायलाफॅक्स नावाचं सॉफ्टवेअर. सॅम लेफ्लर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहिलं, तेव्हा त्याचं नाव फ्लेक्सफॅक्स होतं. बर्कलीच्या युनिक्सवर काम केलेला हा माणूस. टिफ चित्रं वाचणारी-लिहिणारी, आज जगभर वापरली जाणारी लिबटिफ ही लायब्ररीही त्यांचीच. फॅक्सचं पान हे शेवटी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र असतं, त्यामुळे या दोन कामांचं नातं अगदी जवळचं आहे. फोन वाजला की मोडेमवर पहारा देणारी फॅक्सगेटी तो उचलते, आलेली पानं टिफ फाइल म्हणून रिसीव्हक्यू या डिरेक्टरीत ठेवते आणि मग एक छोटी स्क्रिप्ट चालवते. ही स्क्रिप्ट त्या टिफची पीडीएफ करून ठरलेल्या माणसाला मेल करते. स्क्रिप्टचं नाव फॅक्स-आरसीव्हीडी. या लेखातलं सगळं दुखणं तिच्यापाशी येऊन थांबणार आहे, म्हणून नाव आधीच सांगितलं.

ओके रिपोर्ट म्हणजे नेमकं काय, हे आधी बघायला हवं. दोन फॅक्स यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे टी.३० नावाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत ठरलेलं आहे. पान पाठवून झालं की पाठवणारं यंत्र 'पान संपलं' असा संकेत देतं आणि घेणारं यंत्र 'पान नीट मिळालं' असा उलट संकेत देतं. ही पोच पानागणिक असते. आपल्याकडे रजिस्टर्ड पत्राची पोच सही करून परत येते, तसाच हा प्रकार, फक्त इथं सही माणसाची नसून यंत्राची असते. यंत्राच्या सहीनंतर कागद माणसाच्या हातात पडेपर्यंत मधे एक जागा उरतेच. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाला फॅक्सनं जात नाही, असं मेहबूबा मुफ्ती सांगत होत्या आणि सुटीचा दिवस असल्यानं फॅक्सपाशी कुणी नव्हतं, असं राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितलं. यंत्र आणि माणूस यांच्यामधली ही जागा किती महत्त्वाची असते, ते तेव्हा देशानं पाहिलं. आमच्या सर्व्हरवर याच जागेत एक सॉफ्टवेअरचा माणूस उभा असे, आणि रविवारी सकाळी कुणीतरी त्याला घालवून दिलं होतं.

मी आधी फॅक्सस्टॅट चालवून पाहिलं. उत्तर आलं: शेड्यूलर चालू, मोडेम चालू आणि मोकळा. म्हणजे पडद्यावर सगळं आलबेल. शेजारी उभा असलेला सहकारी म्हणाला, "सर, एकदा रीस्टार्ट मारून बघू का?" हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक बिघाडाच्या वेळी विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्यात वाईट काही नसतं. पण फायली हरवल्याचा जरासाही संशय असेल, तर रीस्टार्ट ही शेवटची गोष्ट असली पाहिजे. याचं कारण लिनक्सच्या मुळाशी आहे.

लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलचा मजकूर डिस्कवर असतो आणि त्याची सगळी माहिती आयनोड नावाच्या नोंदीत असते. डिरेक्टरीत फक्त नाव आणि त्या आयनोडचा क्रमांक. आरएम किंवा तत्सम आज्ञेनं आपण नाव पुसतो. पण एखाद्या चालू प्रोग्रामनं ती फाइल उघडून ठेवली असेल, तर तो प्रोग्राम ती सोडेपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच राहतो. नाव गेलेली, पण अजून कुणाच्या तरी हातात असलेली फाइल. अशा फायलींची यादी एलएसओएफ ही आज्ञा देते, आणि प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोग्रामच्या उघड्या फायलींमधून त्यांची प्रत काढता येते. रीस्टार्ट केला की तो हात सुटतो आणि मजकूरही जातो. शिवाय चालू प्रोग्रामनं कॉन्फिगरेशन सुरुवातीला एकदा वाचून मेमरीत ठेवलेलं असतं. मूळ फाइल नाहीशी झाली तरी जुन्या वाचनावर त्याचं काम चालतं. नव्यानं सुरू झालेल्या प्रोग्रामला मात्र काहीच सापडत नाही. आमचा मोडेम त्या क्षणी फोन उचलत होता, ही एकच गोष्ट आमच्या बाजूची होती. ती गमावून चालणार नव्हतं.

म्हणून आधी वाचायचं, हात लावायचा नाही. हायलाफॅक्स प्रत्येक फॅक्सची एक ओळ एक्सफरफॅक्सलॉग या फाइलमध्ये लिहितो: तारीख, वेळ, आला की गेला, मोडेम कोणता, पानं किती, समोरच्या यंत्रानं सांगितलेला क्रमांक. त्यात रविवार दुपारची ओळ होती. पानं दोन, टीपीएचा क्रमांक ओळखीचा. फॅक्स आला होता. रिसीव्हक्यूमध्ये पाहिलं तर त्याची टिफ फाइलही जागेवर होती. मग कारण शोधण्यात वेळ न घालवता लिबटिफबरोबर येणाऱ्या टिफ-टू-पीडीएफ या साधनानं तिची पीडीएफ केली आणि छापून वर पाठवली. मुलाच्या हातात कागद पडला तेव्हा साडेदहा वाजले होते. पुढचं सगळं त्यानंतर. बिघाड सोडवणाऱ्या माणसाला कोडं सुटण्याची घाई असते, पण समोर माणूस थांबलेला असेल, तर आधी त्याचं काम, मग कोडं. तो क्रम मी तेव्हापासून पाळतो.

आता प्रश्न असा की टिफ आहे, तर मेल का नाही? सिस्टिमच्या नोंदवहीत फॅक्सगेटीनं फॅक्स-आरसीव्हीडी चालवायचा प्रयत्न केल्याची ओळ होती आणि पाठोपाठ आज्ञा अयशस्वी झाल्याची. शेलच्या परंपरेत १२७ म्हणजे आज्ञाच सापडली नाही आणि १२६ म्हणजे सापडली, पण चालवता येत नाही. हे दोन अंक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. काही नोंदवह्यांत हा अंक कच्च्या रूपात, २५६ पटीनं मोठा छापलेला दिसतो आणि वाचणारा गोंधळतो, पण भागून पाहिलं की अर्थ तोच निघतो. आमच्याकडे निरोप १२७ चा होता. म्हणजे बिन डिरेक्टरीत स्क्रिप्टच नव्हती. मी बिन उघडली. ती जवळजवळ रिकामी होती.

पुसलेली फाइल कधी पुसली हे ती स्वतः सांगू शकत नाही. तिची डिरेक्टरी मात्र सांगते. डिरेक्टरीतलं एखादं नाव वाढलं किंवा कमी झालं की डिरेक्टरीची स्वतःची बदलाची वेळ बदलते. म्हणून रिकाम्या डिरेक्टरीवरची वेळ म्हणजे शेवटचं नाव पुसलं गेल्याची वेळ, जर त्यानंतर कुणी तिथं काही ठेवलं नसेल तर. यासाठीच घाईनं काहीही परत ठेवण्याआधी ती वेळ कागदावर लिहून घ्यायची. बिनवरची वेळ होती रविवार, सकाळी ६ वाजून ४७ मिनिटं.

डेबियन चालवणाऱ्यांना ही वेळ पाठ असते. क्रॉनच्या मूळ मांडणीत रोजची कामं ६ वाजून २५ मिनिटांनी, आठवड्याची रविवारी ६ वाजून ४७ मिनिटांनी आणि महिन्याची १ तारखेला ६ वाजून ५२ मिनिटांनी सुरू होतात. माणसाच्या हातून चूक झाली तर ती अशा नेमक्या वेळी होत नाही. तेव्हा आठवड्याच्या कामांच्या डिरेक्टरीत गेलो. तिथं शुक्रवारी ठेवलेली एक नवी स्क्रिप्ट होती, चार ओळींची. त्या आठवड्यात व्हार विभाजन भरत आलं होतं आणि चांगल्या हेतूनं कुणीतरी झाडलोट लावून दिली होती: फॅक्सच्या स्पूलमधल्या, सात दिवसांहून जुन्या सगळ्या फायली फाइंड आज्ञेनं शोधायच्या आणि काढून टाकायच्या. पहिलाच रविवार होता तो.

वाचताना ही ओळ किती शहाणी वाटते, बघा. जुनं आहे ते गेलं पाहिजे. आलेला फॅक्स आठवडाभरात वाचला गेलेला असणारच. पण स्पूलच्या त्या झाडाखाली फक्त फॅक्स नव्हते. हायलाफॅक्सची मूळ रचना अशी, की एकाच स्पूल डिरेक्टरीत आवक-जावकीच्या रांगाही असतात आणि बिन व ईटीसी या उपडिरेक्टऱ्यांत त्याची हत्यारं आणि मांडणीही असते. आमचा हायलाफॅक्स मूळ स्रोतापासून बांधलेला होता, त्यामुळे हे सगळं तिथंच होतं. आणि सगळ्यांत जुन्या फायली नेमक्या कोणत्या असतात? ज्या एकदा बसवल्यावर कुणी बदलत नाही त्या. वाड्यात सगळ्यांत जुनी वस्तू उंबरठा असते. दिवाळीच्या साफसफाईत जुनं ते फेकायचं ठरवलं म्हणून कुणी उंबरठा उखडत नाही, कारण घरच्या माणसाला तो काय आहे हे माहीत असतं. फाइंडला ते माहीत नव्हतं. त्याला फक्त तारीख विचारली होती.

फाइंडच्या 'सात दिवसांहून जुनं' या अटीतही एक बारकावा आहे. ते वय २४ तासांच्या पूर्ण दिवसांत मोजतं आणि अपूर्णांक सोडून देतं. त्यामुळे अधिक सात म्हणजे निदान आठ पूर्ण दिवस झालेलं. आपला रविवार दुपारचा फॅक्स पुढच्या रविवारी सकाळी सहा दिवसांचाच ठरला असता आणि वाचला असता. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र तेरा दिवसांचा होऊन, कुणी न वाचताच, गेला असता. पोच दिलेली, पाठवणाऱ्याकडे ओके रिपोर्ट असलेली दोन पानं. हे मनात आलं तेव्हा मला खरोखर अस्वस्थ वाटलं. फॅक्स स्वीकारताना यंत्रानं आमच्या वतीनं एक शब्द दिलेला असतो. तो पाळला गेला की नाही हे फाइलच्या वयावरून कधीच कळत नाही. ते कळतं फाइलच्या स्थितीवरून: मेल झाला का, कुणी उचलला का, काम संपलं का. झाडलोट वयावर केली की ती आंधळी होते, स्थितीवर केली तर तिला डोळे असतात. या एका फरकावर सगळं उभं आहे.

काय गेलं याची यादी करताना चित्र अधिकच स्पष्ट होत गेलं. पीएस-टू-फॅक्स गेली होती, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कागदाचं फॅक्सच्या चित्रात रूपांतर करणारी स्क्रिप्ट. त्यामुळे रविवारपासून एकही फॅक्स बाहेर जात नव्हता. पण तशी तक्रार आली नाही, कारण 'तुमचा फॅक्स गेला नाही' असा मेल पाठवणारी नोटिफाय ही स्क्रिप्टही त्याच डिरेक्टरीत होती आणि तीही गेली होती. आग लागली, आणि घंटाही त्याच आगीत जळाली. सेटअप-कॅश ही फाइल गेली होती. फॅक्ससेटअप चालवलं की ती तयार होते, आणि कोणतं साधन सिस्टिमवर कुठं आहे हे हायलाफॅक्सच्या स्क्रिप्ट तिच्यातून वाचतात. ती नसेल तर मशीनची मांडणीच झालेली नाही, अशी तक्रार करून त्या थांबतात. मोडेमचं वर्णन असलेली कॉन्फिग फाइल गेली होती. आणि फॅक्सडिस्पॅच गेली होती. मला सगळ्यांत जास्त हळहळ हिचीच वाटली. स्क्रिप्ट पुन्हा बसवता येतात, सेटअप-कॅश पुन्हा बनवता येते. पण कोणत्या क्रमांकाहून आलेला फॅक्स कोणाच्या मेलवर जायचा, ही त्या रुग्णालयाची स्वतःची, हळूहळू जमा झालेली माहिती फॅक्सडिस्पॅचमध्ये असते. जगातल्या कुठल्याही सर्व्हरवरून ती उतरवून घेता येत नाही.

आणि काय वाचलं? एक्सफरफॅक्सलॉग वाचला, कारण प्रत्येक कॉलला त्यात ओळ पडते आणि त्यामुळे तो कायम ताजा असतो. क्रमांक देणाऱ्या छोट्या फायली वाचल्या. हायलाफॅक्स पुढच्या फॅक्सला कोणता क्रमांक द्यायचा हे त्यांत लिहून ठेवतो, आणि त्या गेल्या तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. आमच्याकडे रोज फॅक्स येत असल्यानं त्या ताज्या राहिल्या. जिथं आठवडाभर एकही फॅक्स येत नाही, अशा शांत ऑफिसात त्याही गेल्या असत्या. म्हणजे एकच झाडलोट एका ऑफिसात एक नुकसान करते आणि दुसऱ्या ऑफिसात वेगळंच. लक्षणं वेगळी दिसली म्हणून कारण वेगळं असेलच असं नाही.

दुरुस्तीला सुरुवात करताना पहिलं काम झाडू थांबवणं. स्क्रिप्ट पुसायची नाही, ती पुरावा आहे. तिचा चालवण्याचा अधिकार काढून घेतला की क्रॉनचं रन-पार्ट्स तिला ओलांडून पुढं जातं. हे पहिल्यांदाच का करायचं, याला आणखी एक कारण आहे. बॅकअपमधून टारनं किंवा आरसिंकनं फायली परत आणताना त्यांच्या जुन्या तारखा सहसा तशाच जपल्या जातात. बॅकअपसाठी हा गुण आहे. पण झाडू चालू असेल तर परत आलेली तीन वर्षांपूर्वीची फॅक्स-आरसीव्हीडी पुढच्या रविवारी पुन्हा तितकीच जुनी दिसते आणि पुन्हा जाते. सोमवारी दुरुस्त केलेला सर्व्हर पुढच्या सोमवारी परत मोडला, म्हणून हार्डवेअरवर संशय घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नाही, कारण ही गोष्ट नजरेला दिसत नाही.

दुसरं काम, उरलेल्या स्पूलची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवणं. त्यानंतरच परत ठेवण्याला हात घातला. स्क्रिप्ट मूळ स्रोतातून, कॉन्फिग आणि फॅक्सडिस्पॅच बॅकअपमधून. मालकी आणि अधिकार नीट बघावे लागतात. हायलाफॅक्स सामान्यतः यूयूसीपी या वापरकर्त्याच्या नावानं चालतो आणि रूटनं घाईत कॉपी केलेली फाइल त्याला वाचता किंवा चालवता येत नाही. तेव्हा १२७ जाऊन १२६ दिसू लागतो आणि वाटतं की अजून काहीच सुधारलं नाही, खरं तर अर्धी वाट सरलेली असते. सगळं जागेवर आल्यावर फॅक्ससेटअपनं सेटअप-कॅश नव्यानं बनवली, आणि मगच, मोडेम मोकळा असताना, सेवा रीस्टार्ट केली.

अडकलेल्या फॅक्सचं काय? यात हायलाफॅक्सची रचना मला फार आवडते. फॅक्स-आरसीव्हीडी ही साधी स्क्रिप्ट आहे. स्पूल डिरेक्टरीत उभं राहून, यूयूसीपीच्या नावानं, तिला फाइलचं नाव, मोडेमचं नाव आणि त्या संवादाचा क्रमांक हातानं देता येतो. जणू फॅक्स आत्ताच आला असं समजून ती आपलं काम करते. संवादाचा क्रमांक एक्सफरफॅक्सलॉगमध्ये असतोच. रविवार सकाळपासून आलेल्या ओळी लॉगमधून काढल्या, प्रत्येकीची टिफ रिसीव्हक्यूत आहे हे तपासलं आणि एकेक करून स्क्रिप्ट चालवली. मेल जात राहिले. बाहेर न गेलेल्या फॅक्सची यादीही त्याच लॉगमधून आणि रांगेतून निघाली, ती विभागांना दिली आणि त्यांनी पुन्हा पाठवले.

आठ दिवसांहून जुने जे फॅक्स पुसले गेले, त्यांच्या पीडीएफ लोकांच्या मेलमध्ये आधीच पोचलेल्या होत्या, म्हणून आमचं निभावलं. असं नसतं, तर डिस्कवरून फायली उकरून काढाव्या लागल्या असत्या. त्यासाठी ते विभाजन ताबडतोब लिहिण्यापासून थांबवावं लागतं, कारण पुसलेल्या फाइलची जागा नवी फाइल कधी घेईल याचा नेम नसतो. एक्स्ट-४ ही फाइल सिस्टिम एखादी फाइल पुसताना तिच्या तुकड्यांचा पत्ताही पुसून टाकते. म्हणून फोटोरेकसारखं साधन नावं शोधत नाही, तर डिस्कवरच्या बायटांची सुरुवातीची खूण ओळखतं. टिफ फाइलची सुरुवात दोन ठरावीक अक्षरांनी होते आणि त्यानंतर ४२ हा अंक येतो, त्यामुळे ती सापडण्यासारखी असते. मिळतात त्या निनावी फायली. पण हायलाफॅक्स टिफच्या आतच पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि मिळाल्याची वेळ लिहून ठेवतो आणि फॅक्सइन्फो ही आज्ञा ते वाचून दाखवते. ते एक्सफरफॅक्सलॉगशी जुळवलं की हरवलेल्या पानाला पुन्हा नाव मिळतं. फाइलच्या आत तिची ओळख ठेवण्याची ही पद्धत किती दूरदर्शी आहे, हे अशा वेळी कळतं.

मुळात झाडलोट लागली ती डिस्क भरली म्हणून. तेव्हा फॅक्सनं खरंच किती जागा घेतली असेल, याचा हिशेब करण्यासारखा आहे. फॅक्सच्या एका आडव्या ओळीत १,७२८ ठिपके असतात आणि साध्या दर्जाला एका मिलिमीटरमध्ये ३.८५ ओळी. ए-फोर पानाची लांबी २९७ मिलिमीटर, म्हणजे साधारण १,१४३ ओळी. ठिपक्याला एक बिट धरला तर न दाबलेलं पान सुमारे अडीचशे किलोबाइट होतं, बारीक दर्जाला त्याच्या दुप्पट. आणि फॅक्सची पानं दाबून ठेवलेली असतात, त्यामुळे मजकुराचं पान याच्या छोट्याशा भागात मावतं. हजार पानं अजिबात न दाबता ठेवली, तरी साध्या दर्जाला पाव गिगाबाइट. आमच्या व्हार विभाजनात जागा खाणारी मंडळी दुसरीच होती, वेब सर्व्हरच्या जुन्या नोंदी. काय किती जागा घेतंय हे डीयू आज्ञेनं आधी मोजलं असतं, तर फॅक्सच्या स्पूलला कुणी हात लावला नसता.

स्पूल या शब्दामुळेही गैरसमज होतो. व्हार डिरेक्टरीत टीएमपी असतं, कॅश असतं, आणि स्पूलही त्याच पंगतीत बसतं, म्हणून तेही तात्पुरतंच असेल असं वाटतं. लिनक्सच्या डिरेक्टऱ्यांची मांडणी ठरवणाऱ्या एफएचएस या प्रमाणाप्रमाणे कॅश म्हणजे पुसली तरी पुन्हा तयार करता येईल अशी सामग्री, तर स्पूल म्हणजे ज्यावर अजून काम व्हायचं आहे असा माल. पोस्टाच्या पेटीत पडलेली, अजून न वाटलेली पत्रं. डेबियनवर वापरकर्त्यांचे क्रॉनटॅबही व्हार स्पूलच्या आतच राहतात. कुणी संपूर्ण स्पूलवर वयाची अट लावली, तर क्रॉनची स्वतःची वहीही त्यात जाईल.

हायलाफॅक्सकडे स्वतःचे दोन झाडू आहेत आणि त्यांतला पहिला स्थिती बघून झाडतो. फॅक्सक्यूक्लीन संपलेल्या कामांच्या रांगेत जातो आणि काम खरंच संपलं असेल तरच त्याची नोंद हलवतो. कागद तेव्हाच काढतो, जेव्हा कुठलंही काम त्याच्याकडे बोट दाखवत नाही. हवं असेल तर काढण्याआधी संग्रहातही ठेवतो. दुसरा, फॅक्सक्रॉन, वय बघून संवादांच्या जुन्या नोंदी काढतो आणि आढावा छापतो. मात्र फॅक्सक्रॉनबद्दल एक इशारा द्यायलाच हवा: आलेले फॅक्सही तो मूळ मांडणीत सात दिवसांनंतर काढून टाकतो. जिथं लोक रिसीव्हक्यूलाच कपाट समजून जुने फॅक्स तिथं शोधतात, तिथं ही मुदत वाढवायला हवी, किंवा फॅक्स येताच त्याची प्रत दुसऱ्या जागी पडेल अशी सोय करायला हवी. आम्ही दोन्ही केलं. शिवाय बिन आणि ईटीसीची प्रत रोज दुसऱ्या मशीनवर जाऊ लागली. सगळ्या मिळून काही किलोबाइट, पण फॅक्सडिस्पॅच त्यात होती.

पुढच्या रविवारी मी लवकर उठून घरून सर्व्हरवर लॉग इन केलं. ६ वाजून ४७ मिनिटांनी आठवड्याची कामं सुरू झालेली पाहिली, सात वाजता बिनमधली प्रत्येक फाइल मोजली आणि दुसऱ्या लाइनवरून स्वतःलाच एक पानाचा फॅक्स पाठवला. एक्सफरफॅक्सलॉगमध्ये ओळ पडली, रिसीव्हक्यूत टिफ आली, आणि मिनिटभरात माझ्या मेलमध्ये पीडीएफ.